रबराची टेप आणि जालना रोड

ज्या पद्धतीवर मी पीएचडी मिळवली, तिचं नाव डायनॅमिक टाइम वॉर्पिंग. नाव ऐकून समोरचा गप्प बसतो, हा तिचा पहिला फायदा. एरवी काम साधं आहे. एकच शब्द एकानं घाईत उच्चारला आणि दुसऱ्यानं रेंगाळत, तर घड्याळ लावून तुलना केली की ते दोन वेगळेच शब्द वाटतात. ही पद्धत घड्याळ बाजूला ठेवते. काळ हवा तिथं ताणते, हवा तिथं आवळते आणि सारख्यासमोर सारखं आणून बसवते. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला एका वाक्यात निकालात काढलं होतं : "म्हंजे मोजायची टेपच की, पण रबराची."

विद्यापीठात बातमी पसरली तशी माझ्या खोलीबाहेर गर्दी वाढली. भूगोलाच्या मॅडम दोन विहिरींच्या पाणीपातळ्या घेऊन आल्या, संगीतवाले दोन गवयांच्या ताना, अर्थशास्त्रवाले कांद्याचे भाव. ज्ञानशाखा निरनिराळ्या, चेहरा मात्र एकच : मुलीची पत्रिका घेऊन गुरुजींच्या ओट्यावर बसलेल्या बापाचा. काळ किती ताणायचा याला मर्यादा घालावी लागते, नाहीतर कुणाचंही कुणाशीही जुळतं, असं मी प्रत्येकाला सांगत असे. त्यावर अर्थशास्त्रवाले खाजगी आवाजात म्हणाले, "सर, छत्तीस गुण मागतंय कोण? अठरा जुळले तरी उरकून टाकू." मग त्यांनी स्वतःच मर्यादा सैल केली आणि कांद्याचे भाव कुठल्याशा बेटावरच्या पर्यटकांच्या संख्येशी जुळवले. निबंध छापून आला, पेढे वाटले गेले. पेढे चांगले होते.

याच सुमारास अण्णांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. त्याआधी ते दर शनिवारी पुंडलिकनगरातल्या आमच्या घरून एकटे निघत, सदा वाहता जालना रोड ओलांडत आणि पलीकडून काळीपिवळी जीप धरून करमाडला शेतावर जात. जन्मभर सरकारी नोकरी केली, पण स्वतःला शेतकरी म्हणवायला त्यांना तो एक शनिवार पुरत असे. आजारातून ते उठले, चालायलाही लागले. आईनं मात्र शनिवार बंद केला.

माझ्या संशोधनाला फुकटची माणसं लागत, म्हणून आजारपणाच्या आधी मी त्यांच्या कमरेला सेन्सरचा पट्टा बांधून त्यांची चाल नोंदवून ठेवली होती. ते त्यांना नेमकं आठवलं.

"जुनी चाल हाय ना तुझ्याकडं? आता नवी घे. जुळली तर शनिवारी मी एकटा जाणार."

"आन् नाय जुळली तर?" आईनं विचारलं.

"तर शेत इकून टाकू."

ते चेष्टेत बोलत नव्हते. मी गच्चीवर त्यांच्या कमरेला पुन्हा पट्टा बांधला.

जुळली. झकास जुळली. डावा पाय घासत होता, तेवढं रबरानं पोटात घेतलं. मी म्हणालो, "अण्णा, यात वेळ धरलेलाच नाही. तुम्ही दुप्पट वेळ घेतलात तरी..."

"जुळलं व्हय का नाय?"

"जुळलं, पण..."

"बस झालं." अर्थशास्त्रवाल्यांनाही इतकी घाई नव्हती. आलेखाचा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि उस्मानपुऱ्यातल्या व्यायामवाल्या डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवला. विद्यापीठानं पास केलंय म्हणे.

शनिवारी आईनं मला मागोमाग पाठवलं. "दिसू नको त्यांना," म्हणाली. मी प्राध्यापक माणूस, रसवंतीच्या आडोशाला लपून उभा राहिलो. सिग्नल पडला, अण्णा निघाले. पाऊल खरोखर जुन्यासारखंच होतं, आधी टाच, मग अंग किंचित उजवीकडं. आलेख अगदी बरोबर होता. ते दुभाजकाजवळ पोचायच्या आत गाड्या सुटल्या. एक रिक्षावाला त्यांना घासून जाताना ओरडला, "चच्चा, आज के आज पहुंच जाते क्या?" अण्णा जागच्या जागी उभे राहिले. उजवा हात खिशावर, जिथं तो कागद होता. मी इतका घाबरलो की हात दाखवत, शिव्या खात कसा धावलो ते मला आठवत नाही.

त्यांना दुभाजकावर घेतलं. दोघंही धापा टाकत होतो. मी इथं कसा, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "तुझ्या कंप्युटरात माझं नवं पाऊल येईस्तोर जुनं पाऊल थांबून ऱ्हातं, असंच ना?"

"हो."

"लई चांगलं हाय. पण इथं कोण थांबतंय?"

 या प्रश्नावर मला कुणी पीएचडी दिली नसती.

"परत जायचं का?" मी विचारलं.

त्यांनी करमाडच्या बाजूला पाहिलं. पलीकडं काळीपिवळी भरत होती. "चल, गाडी भरंल," ते म्हणाले.

पुढचा सिग्नल पडला तेव्हा मी त्यांचा हात धरला. लहानपणी याच रस्त्यावर मी त्यांचा हात झटकून पुढं पळायचो. त्यांनी माझा हात झटकला नाही. त्याचंच मला फार वाईट वाटलं.