न घाबरता बोला, हजेरी सक्तीची!

आमच्या ऑफिसात डेटा उडतो, बॅकअप उडतो, कधीकधी माणसंही उडतात. किस्से मात्र उडत नाहीत! इकडे कर्नाटकात, महादेवपुऱ्यातल्या आमच्या मजल्यावर ते नुसते साचत राहतात, आणि पुण्याला घरी गेले की मी एकेक काढून सांगत बसते. आई विचारते, "तुम्ही तिथे काम कधी करता गं?" हल्ली तर किस्स्यांना ऊत आलाय, कारण कंपनीनं आमच्या मनाची काळजी घ्यायचं ठरवलंय!

* * *

सुरुवात एचआरच्या मेलनं झाली. 'सायकॉलॉजिकल सेफ्टी', म्हणजे कामाच्या जागी माणसाला न घाबरता बोलता येणं, या विषयावर वर्कशॉप. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, "हजेरी सक्तीची. गैरहजर राहणाऱ्यांच्या मॅनेजरला कळवले जाईल."

आम्ही घाबरून, न घाबरायला शिकायला गेलो!

ट्रेनर बाई फार गोड होत्या. सगळं समजावून म्हणाल्या, "आता मनात जे असेल ते बिनधास्त बोला. इथे कोणी जज करणार नाही." बऱ्याच वेळानं मागून एक हात वर गेला. बाईंचा चेहरा असा काही खुलला म्हणता!

"मॅडम, लंच इथेच आहे की खाली जायचं?"

* * *

मग वेलनेस रूम आली. जीव दमला की इथे येऊन बसा, रडावंसं वाटलं तर रडा, असं ठरलं. बीनबॅग, टिश्यूचे डबे, मंद सुगंध, सगळं एकदम झकास. फक्त भिंती काचेच्या, आणि समोर कॉफी मशीन!

आमच्या टीममधला किरण डोकं दुखतंय म्हणून तिथे जरा डोळे मिटून पडला. बाहेर आला तर दोघांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, एकानं चांगल्या वकिलाचा नंबर देऊ केला, आणि एकानं हळूच विचारलं, "खिडकीजवळची तुझी जागा रिकामी होणार आहे का रे?"

* * *

आमचे मॅनेजर पाटील सर. माणूस सरळ, पण हाडाचा इंजिनियर. त्यांनी रोज सकाळच्या मीटिंगमध्ये मूड कार्ड सुरू केली. बरं असेल तर हिरवं, मध्यम असेल तर पिवळं, वाईट असेल तर लाल. सगळी टीम रोज हिरवीगार!

मधुराही हिरवंच दाखवायची. ही नागपूरची, नवीन लागलेली, अजून प्रोबेशनवर. एकदा तर वॉशरूममध्ये रडून आली आणि लाल डोळ्यांनी हिरवं कार्ड वर केलं. मी टोकलं तर म्हणाली, "ताई, पिवळं दाखवलं आणि कन्फर्मच नाही केलं तर? घरी तर सांगून टाकलं ना मी, नोकरी पक्की म्हणून!"

शेवटी एक दिवस किरणनं धीर करून लाल कार्ड धरलं. सर गंभीर झाले. खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "ओके. रेड. ग्रीन कधीपर्यंत होईल? ईटीए?"

किरण गांगरून म्हणाला, "बुधवार."

आणि बुधवारी सरांनी खरंच फॉलोअप घेतला हो!

* * *

मधुराला आणि मला खरी सेफ्टी होती ती मराठीत. ऑफिसात कोणाला कळायचं नाही, त्यामुळे आम्ही कुठेही, कोणाबद्दलही सुटायचो. सर कन्नड आणि इंग्लिश बोलायचे. नाव पाटील असलं म्हणून काय झालं, कर्नाटकात पाटील पैशाला पासरी!

तर एकदा लिफ्टमध्ये सर पुढे उभे आणि मागे आम्ही दोघी. मी म्हटलं, "हा माणूस हसला तर याचा पगार कापतात का गं?" मधुरा म्हणाली, "बाप्पा! मला तर वाटते याचे दातच नसतील."

लिफ्ट खाली आली. सरांनी सभ्यपणे दार अडवून धरलं आणि वळून दात दाखवले. "पगार कापत नाहीत हो. मी निपाणीचा. घरात मराठीच की! इतके दिवस मजा यायली होती, म्हणून गप्प होतो."

पुढचा आठवडाभर मधुरा जिन्यानं गेली.

* * *

आणि मग तो दिवस. घरपोच औषधं देणारी एक कंपनी आमची क्लायंट आहे. 'गोळी घ्यायची वेळ झाली' असे मेसेज त्यांच्या ग्राहकांना मराठीतून पाठवायचं काम मधुराकडे आलं. तिनं टेस्ट म्हणून माझ्या फोनवर एक मेसेज सोडला, "जेवलीस का गं?" तो माझ्याकडे आलाच. पण चुकून मराठी यादीतल्या झाडून सगळ्या ग्राहकांकडेही गेला!

"ताई, गेली माझी नोकरी," एवढंच ती म्हणाली. किरण म्हणाला, "सिस्टिमवर ढकल, कोणाला कळणार आहे?" ती डब्याला हात न लावता नुसती बसून राहिली.

दुपारी दिल्लीच्या क्लायंट मॅडमचा कॉल. "ये किसने भेजा?"

सगळे म्यूटवर. आणि मधुराचा आवाज आला, "मैंने, मॅडम. गलती से."

लगेच पाटील सर, "और भेजने से पहले चेक करना मेरा काम था. मैंने नहीं किया. शिकायत में पहले मेरा नाम लिखिए."

मला तिथल्या तिथे टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!

मॅडम म्हणाल्या, "लोगों के जवाब आ रहे हैं. मुझे मराठी नहीं आती, पढ़के बताइए."

सरांनी रिप्लाय स्क्रीनवर लावून एकेकाचा अर्थ हिंदीत सांगायला सुरुवात केली. पहिला, "मी पुरुष आहे. तरीपण जेवलो." दुसरा, "जेवलो. पिठलं होतं. कोण आपण?" मॅडमना हसू आवरेना. मग एक आला, "नाही गं. एकटीसाठी कोण रांधतंय? आता विचारलंस तर टाकते खिचडी. तू जेवलीस का?"

सरांनी याचाही अर्थ सांगितला.

"इसका जवाब कौन देगा?" मॅडमनी विचारलं.

"जिसने पूछा है, वही देगी," सर म्हणाले. "आज भी, और कन्फर्म होने के बाद भी."

मधुरानं डोळे पुसले आणि टाइप केलं, "हो, जेवले."

सर वाकून हळूच म्हणाले, "खरं लिही की."

तिनं ते खोडलं. लिहिलं, "नाही."

पलीकडून लगेच आलं, "मग ये! दोघींपुरती टाकते."