ओटी भरायला आलेला पक्ष

अर्ज मागे घ्यायची मुदत दुपारी तीनला संपत होती आणि सकाळीच भाऊंच्या गाड्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊ म्हणजे आमच्या तालुक्यातला पक्ष. त्यांच्याशिवाय पक्षात पान हलत नाही. जिल्हा परिषदेचं आमचं सर्कल यंदा महिलांसाठी राखीव निघालं आणि भाऊंनी तिकीट दिलं स्वतःच्या सुनेला. ती पुण्याला राहते. वांग्याचं रोप आणि मिरचीचं रोप तिच्यापुढे ठेवलं तर तिला कोणतं काय ते सांगता यायचं नाही. तिच्याविरुद्ध मी अपक्ष उभी राहिले होते.

मला पक्ष सोडायचा नव्हता, हे आधीच सांगते. मला त्याला ताळ्यावर आणायचं होतं. आम्ही बायकांनी वर्षानुवर्षं सभांना माणसं जमवली, म्हाताऱ्यांना हाताला धरून बूथवर नेलं, आणि निकालाच्या दिवशी डोक्यातला गुलाल झटकत घरी येऊन भांडी घासली. मलकापूरच्या मेळाव्यात आम्ही उभं राहून सरळ म्हटलं की राखीव जागेवर पुढाऱ्याच्या घरची बाई नको, काम केलेली बाई पाहिजे. तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या भाऊंनीच वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला अजून राग आहे.

माझा नवरा भाऊंच्याच संस्थेच्या शाळेत शिकवतो. मी अर्ज भरला तेव्हा 'तुला पटेल ते कर' एवढंच तो म्हणाला आणि तेव्हापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. सासूबाई मात्र उघड विरोधात होत्या. जन्मभर त्यांनी एकाच चिन्हावर मत दिलं होतं, आणि ते चिन्ह त्यांना देव्हाऱ्यातल्या देवापेक्षा फार खालचं नव्हतं. त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

भाऊंच्या मागून वहिनी उतरल्या. त्यांच्या हातात ताट होतं, ताटात साडी, खण, नारळ, तांदूळ. ते ताट कशासाठी आलंय ते मला लगेच कळलं. शेजारच्या सर्कलमध्ये मागच्या खेपेला असंच झालं होतं. बंडखोर बाईची सकाळी ओटी भरली आणि दुपारी तिनं अर्ज मागे घेतला. ओटी घेतली की तुम्ही त्या घरची लेक झालात, आणि लेकीनं माहेरच्या माणसाविरुद्ध उभं राहायचं नसतं. बरं, दारात आलेल्या सवाष्णीची ओटी नाकारायची तर तो अपमान, आणि अपशकुनही.

भाऊंनी अर्जाचा शब्दही काढला नाही. चहा घेतला, वरवट बकालच्या बाजारात टमाट्याला काय भाव मिळाला ते विचारलं. मग नवऱ्याकडे पाहून सहज बोलावं तसं म्हणाले की संस्थेच्या लोणारकडच्या शाळेत माणूस कमी पडतोय. लोणार आमच्यापासून जिल्ह्याचं दुसरं टोक. नवरा खाली मान घालून फरशी बघत राहिला. तेवढ्यात वहिनींनी पाट मागितला.

मला माझीच खात्री नव्हती. पदर पसरला असता तर मी त्या गाडीत बसून तहसीलला गेले असते, आणि घरी येऊन जन्मभर स्वतःवर चरफडले असते. वहिनी कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडे आणत होत्या. मी मागे सरकले.

"वहिनी, मले शिवू नका. मी बाहेरची हाय."

तापल्या तव्याला लागावा तसा त्यांचा हात मागे गेला. एवढ्या पुरुषांसमोर मी पाळीचं बोलले होते. भाऊंसोबतची पोरं मोबाईलमध्ये तोंड घालून बसली. भाऊ मात्र हसले. म्हणाले की आपला पक्ष पुरोगामी विचारांचा, आपण असलं काही पाळत नाही, चल, बस गाडीत. त्यांच्या तोंडून पुरोगामी हा शब्द ऐकून माझं डोकं असं तापलं की काय सांगू. पण त्यांनी माझं खोटं ओळखलं होतं. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. तिथं सासूबाई उभ्या होत्या.

"काकू, खरं काय ते तुमी सांगा."

सकाळी न्हाऊन देवापुढे दिवा मीच लावला होता, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत. तो अजून जळत होता. ही बाई लांबच्या नात्यातलं सुतकसुद्धा दिवस मोजून पाळणारी. देवाधर्मात खोटेपणा तिनं कुणाचाच खपवून घेतला नव्हता. शिवाय तिच्या पोराची नोकरी, तिचा जन्माचा पक्ष, सगळं समोरच्या खुर्चीत बसलेलं. मी तिच्याकडे बघूही शकत नव्हते.

सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग आपल्या पोराकडे.

"हाव," त्या म्हणाल्या. "सकाळीच बसली बाहेर. देवापुढचा दिवाबी म्याच लावला. तुमी नसान पाळत, भाऊ. या घरात पाळते. माही सून चार दिवस कुठीच जाणार नाही."

भाऊंनी घड्याळ पाहिलं. मग उठले, जाताना नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून लोणारचं बघू म्हणाले. ताट जसं आलं तसंच गाडीत गेलं.

मी रडत सासूबाईंच्या पाया पडायला गेले तर त्या झटकन मागे झाल्या. शिवू नको म्हणाल्या. मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांनी ओसरीत तुरीच्या पेंढ्यांशेजारी पोतं अंथरलं आणि माझा तांब्या वेगळा काढून ठेवला. मी भडकले. दुसऱ्या दिवसापासून प्रचार, आणि उमेदवारानं पोत्यावर बसून राहायचं? पक्ष सुधारायला निघालेल्या बाईनं? ते खोटं होतं हे तुम्हालाही माहीत आहे, असं मी तोंडावर म्हटलं. त्यांनी पोत्याची घडी सरळ केली आणि आत गेल्या. मी दात-ओठ खात पोत्यावर बसले.

तीन वाजून गेल्यावर तहसीलला थांबलेल्या मैत्रिणीचा फोन आला. माझं नाव राहिलं होतं, चिन्ह शिट्टी मिळालं होतं. संध्याकाळी भाऊंच्या माणसांचे फोन सुरू झाले. अर्ज राहिला तर राहू दे, निदान भाऊंच्या सुनेला जाहीर पाठिंबा दे, नवऱ्याचा विचार कर, असं म्हणत होते. शेवटच्या फोनला मी नाही म्हणाले नाही, उद्या सांगते म्हणाले. सासूबाई पाणी घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

मी ओंजळ पुढे केली. त्यांनी न शिवता वरून पाणी सोडलं.

"देवापुढं बोलली मी," त्या म्हणाल्या. "माहं खोटं वाया जाऊ देऊ नको."