खांदेकऱ्यांचा पेला

एगर्ट लोरेंझेनने पंचायतीत एकदाच स्वतःच्या मनाने हात वर केला, आणि तो हात होल्मबेक गावाने त्याला कधी विसरू दिला नाही.

आमचं आणि शेजारची दोन अशी तीन गावं मिळून एकच पंचायत करायची की नाही, यावर आमच्याकडे मतं समसमान पडली होती. उरला होता एगर्ट. गायींशी तासन्‌तास बोलेल, माणसांत घुमा. त्याच्या बायकोला, विबकेला, दमा होता. आणि एकत्र झालात तर डॉक्टर देऊ, असं वरून सांगितलं होतं. त्याने हात वर केला. वेशीवरची आमच्या गावाची पाटी उतरली, आमचा आगीचा बंब विकला गेला, शेजारच्या वित्तमूरचा राहिला. डॉक्टर काही आला नाही.

तेव्हापासून माझ्या खाणावळीत एगर्ट शिरला की टेबलं गप्प व्हायची. बंबावरचा जुना म्होरक्या हेनिंग मोठ्याने विचारायचा, "गेशे, आज वित्तमूरचे पाहुणे का गं?" मी हेनिंगच्या पेल्यात बिअर कमी आणि फेस जास्त ओतायचे. त्या मेल्याला तेही कळायचं नाही.

फेब्रुवारीत विबके गेली. आमच्याकडे शवपेटीला शेजारीच खांदा देतात. त्यासाठी घरचा माणूस दारूची बाटली घेऊन दारोदार जातो. ज्याने पेला रिकामा केला, त्याने शब्द दिला. एगर्ट सहा दारी गेला, हेनिंगच्याही. सहाही जण प्यायले. दफनानंतर सगळ्यांना द्यायचा केक सांगायला माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"सगळे येताहेत, गेशे. विबकेला आपलीच माणसं नेणार."

आले खरे. काळे कोट घालून चर्चच्या भिंतीला ओळीने उभे राहिले, हात खिशात. पास्टरने दोनदा खुणावलं. कुणी हललं नाही.

"आता गाव एकच ना?" हेनिंग म्हणाला. "मग वित्तमूरचेही शेजारीच की. बोलव त्यांना."

शेवटी अंत्यविधीवाल्याने चाकांची गाडी काढली. वाटेत चाक चिखलात रुतलं. एगर्टने गुडघे टेकून दोन्ही हातांनी चिखल उपसला, मी मागून ढकललं. भिंतीपाशी कुणीतरी हसलं. इतकी हलकट माणसं मी जन्मात पाहिली नाहीत, आणि जन्म तर यांच्यातच गेला.

केक खायला मात्र सहाही जण हजर. खांदेकऱ्यांना नंतर दुसरा पेला मिळतो, तो घरच्याने भरायचा. हेनिंगने आपला पेला पुढे धरला. एगर्टने बाटली उचलली. ती हेनिंगच्या डोक्यात घालावी असं मला मनापासून वाटलं.

एगर्टने पेला काठोकाठ भरला. मग बाकीच्या पाच जणांचे. नखांत अजून चिखल होता.

"थंडीत एवढा वेळ उभं राहणं सोपं नसतं रे, एगर्ट," हेनिंग म्हणाला, आणि एका घोटात संपवला.

"नसतं ना," एगर्ट म्हणाला, आणि त्याचा पेला पुन्हा भरला.