पाच नंबरचा जोडा

नबीसाबांचं दुकान केवढं, तर दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पण त्या एवढ्याशा जागेत नबीसाब असे वावरायचे, जणू सोलापुरातला सगळ्यात मोठा रंगमंच त्यांच्या हवाली केला आहे. गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचे, टाचेवरून तळवा फिरवायचे, डोळे मिटून जरा थांबायचे आणि मग नंबर जाहीर करायचे. बघणाऱ्याला वाटावं, आता टाळ्या पडणार.

तरुणपणी त्यांनी नाटक कंपन्यांसाठी जोडे शिवले होते. गावात कंपनी उतरली की त्यांना बोलावणं यायचं. राजाचे चढाव, सरदारांच्या मोजड्या, खलनायकाचे मुद्दाम करकरणारे बूट. पहिल्या प्रयोगाला जोडा चावायचा. राजा विंगेत येऊन नबीसाबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आणि कंपनीचा मुक्काम हलायच्या आत तोच राजा गळ्यात हात टाकून म्हणायचा, "नबी, हा जोडा नाही रे, माझी कातडी आहे." कातडं घाम पितं, ताणतं, हळूहळू पायासारखं होतं. म्हणून जोडा घट्टच द्यायचा, हे अब्बांनी शिकवलं होतं आणि ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

पुढे कंपन्या थांबल्या, मांडव गेले, शिवणारे हात विकणारे झाले. फळीवर रेक्झिनचे, जाळीच्या कापडाचे, रबराचे तयार बूट आले. माल सगळा बदलला. नबीसाबांचं वाक्य मात्र तेच राहिलं, "घट्टच घ्या. घालून घालून सैल पडतो."

जानेवारीत जवळच्या कुंभारी गावचा कल्लप्पा पोरीला घेऊन आला. कल्लप्पा टॉवेलच्या कारखान्यात कामाला. घरच्या सगळ्यांच्या पायातलं याच दुकानातून न्यायचा. पोरगी ऋतुजा, कॉलेजात शिकणारी, चटपटीत.

"नबीसाब, हिला डोंगर चढायचे बूट द्या," कल्लप्पा म्हणाला. "आपल्या हितं धड टेकाड न्हाय, अन् ही निघालीय हिमालयात."

"बाबा, आधी सरावाला राजगड. हिमालय मे महिन्यात."

"ऐकलंसा? राजगड म्हंजे हिला वाटंतलं स्टँड वाटतंय की!" पोरीला चिडवता चिडवता कल्लप्पाचा आवाज मात्र उतरला. "मी सांगून ठिवलंय. गडावरनं धडधाकट आली तरच म्होरं पाठवणार. पायाबियाला काय झालं, तर घरात बसायचं. बूट चांगलं द्या, पण आमाला झेपंल असं द्या."

नबीसाबांना हुरूप आला. महागातला बूट कुणीही उचलून देईल. स्वस्तातला चांगला शोधायला नजर लागते. त्यांनी तीन जोड काढले. पहिल्याचा तळ अंगठ्यानं घासून पाहिला आणि बाजूला ठेवला, ओल्या दगडावर घसरला असता. दुसरा हातात घेऊन वाकवला, तो मधोमध पोळीसारखा दुमडला. तिसरा कुठल्या बिननावाच्या कारखान्याचा होता, पण तळाला खोल खाचा, टाचेला कडकपणा, घोटा झाकेल एवढी उंची आणि हाताला हलका. तो पाच नंबर त्यांनी ऋतुजाच्या पायात चढवला.

"चाचा, आमच्या ट्रेकिंग ग्रुपचे सर म्हणाले, जाड मोजे घालून बघा आणि अंगठ्याच्या पुढं बोटभर जागा ठेवा. यातलाच सहा नंबर द्या ना."

सहा नंबर दुकानात नव्हता. मागवायला तीन-चार दिवस लागले असते आणि तेवढ्यात कल्लप्पा कोपऱ्यावरच्या काचेच्या मोठ्या दुकानात गेला असता. हे सगळं नबीसाबांच्या मनात आलं की नाही, ते त्यांचं त्यांनाही नंतर सांगता येईना. तोंडातून मात्र वाक्य अगदी ठेक्यात बाहेर पडलं.

"बेटी, तुझ्या सरांनी डोंगर बघितले असतील, मी पाय बघितलेत. बोटभर जागा सोडली की पाय आत नाचतो. घट्टच घे. घालून घालून सैल पडतो."

"त्यांनी सांगितलं म्हंजे झालं," कल्लप्पा म्हणाला. "बांधा."

गडाची वारी झाल्यावर कल्लप्पा शेतातला हुरडा घेऊन दुकानात आला. गरम हुरडा, वर शेंगदाण्याची चटणी. "पोरगी समद्यांच्या आदी वर पोचली म्हनं! बूट लई बेस हायत म्हनती." नबीसाबांनी हुरडा शेजारच्या दुकानांत वाटला आणि प्रत्येकाला गडाची हकिकत अशी सांगितली, की जणू आपणच चढून आलो.

थोड्या दिवसांनी कुंभारीच्या बसची वाट बघत ऋतुजा त्यांना रस्त्यात दिसली. पायात रबरी चप्पल, दोन्ही अंगठ्यांना चिंधी गुंडाळलेली.

"काय झालं गं पायाला?"

"काही नाही चाचा. ठेच लागली."

"दोन्ही अंगठ्यांना एकदम?"

तिनं पाय मागं ओढले. नबीसाब भर रस्त्यात उकिडवे बसले आणि त्यांनी चिंधी सोडली. एक नख काळं ठिक्कर पडलं होतं. दुसरं निम्मं सुटून लोंबत होतं.

"चढताना काहीच झालं नाही," ऋतुजा हळूच म्हणाली. "उतरताना बोटं पुढं आदळत होती. पण तुम्ही म्हणालात ना, सैल पडतो म्हणून. मी रोज घरात घालून बसते. अभ्यास करताना पण. अजून थोडे दिवस घातले की पडतील ना सैल?"

जाळीचं कापड आणि रबर. ते कशाला घाम पितंय आणि कशाला ताणतंय? जन्मभर पाठ असलेलं वाक्य समोरच्या पोरीनं इतक्या विश्वासानं परत म्हणून दाखवलं होतं, की त्यांना जमिनीकडे बघावं लागलं.

"बाबांना सांगू नका हं, चाचा. हिमालय रद्द करतील."

बस आली आणि ती लंगडत चढली.

घरी जेवताना त्यांनी भाकरी नुसती कुस्करली. बायकोनं, महेजबीननं, आमटीचं भांडं खाली ठेवलं. "क्या हुआ जी? सालन में नमक नहीं क्या?"

त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो बदल के देव. बात खतम."

"बदलून देतो गं. पण सहा नंबर नव्हता म्हणून पाच दिला का, हे मला कुणी विचारलं तर?"

"कौन पूछता?"

"मीच विचारतोय मघापासून."

महेजबीननं ताट पुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी नबीसाबांनी त्याच कारखान्याचा, आपल्या मापाला लहान पडणारा एक जोड पायात कोंबला आणि ते रेल्वे स्टेशनच्या पुलावर गेले. सोलापुरात दुसरा डोंगर कुठून आणायचा? तिथला ओळखीचा चहावाला ओरडला, "चाचा, नवीन बूट घालून कुटं?"

"हिमालयात."

"मग फलाट चुकलाव की!"

चढताना खरंच काही वाटलं नाही. उतरायला लागले आणि तिसऱ्याच पायरीला अंगठे पुढच्या टोकावर आपटले. पुन्हा आपटले. दर पायरीला कुणी नखावर हातोडी मारावी तसे. कठडा धरून ते अर्ध्यात थांबले. आपला एवढासा पूल, आणि ती पोर अख्खा गड उतरली होती. वर घरी येऊन बापाला म्हणाली होती, बूट बेस आहेत. दुकानात तिनं बरोबर तेच मागितलं होतं. तिला गप्प बसवलं कुणी? आपल्या आवाजानं. राजाराण्यांच्या संगतीत कमावलेल्या आवाजानं.

सहा नंबर आला त्या रविवारी नबीसाब कुंभारीला गेले. कल्लप्पा अंगणात होता. "या या नबीसाब! आज गरिबाघरी वाट चुकली व्हय?" दारातून ऋतुजानं घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. तिचं गुपित राखायचं, तर खोकं ठेवून 'माल बदलून आलाय' एवढंच म्हणायचं होतं. रस्ताभर त्यांनी तेच वाक्य घोकलं होतं. पण अंगणात उभे राहिल्यावर ते जिभेवर येईना.

"कल्लप्पा, मी चुकीचा नंबर दिला. पोरीनं सहा मागितला होता. दुकानात नव्हता. तू दुसरीकडं जाशील म्हणून मी पाच गळ्यात मारला, आणि वर तिलाच शहाणपण शिकवलं."

कल्लप्पा हसला. "एवढंच व्हय? त्यात काय..." आणि मग त्याची नजर पोरीच्या पायांवर गेली. "चिंधी सोड," तो म्हणाला.

ऋतुजानं सोडली. अंगण गप्प झालं. नाटकात अशी शांतता आली की नबीसाबांना पुढचं वाक्य कुणाचं हे कळायचं. इथं ते त्यांचं होतं.

"ती लपवत होती ते तुला घाबरून. आणि तिला घाबरायची पाळी आणली मी. तिनं सगळं बरोबर केलं होतं, कल्लप्पा. शिक्षा तिला नको."

कल्लप्पानं खोकं उचललं. "ह्ये बरोबर हाय का आता?"

"माझ्या शब्दावर घेऊ नको. तिला विचार."

ऋतुजानं जाड मोजे चढवले, त्यावर बूट, आणि नाडी घोट्यापर्यंत आवळली. घरामागच्या विहिरीला दगडी पायऱ्या होत्या. ती उतरत गेली, पाण्याला लागून थांबली, वर आली आणि पुन्हा उतरली. नबीसाब काठावर उभे होते आणि तिच्या प्रत्येक पावलाला त्यांचे स्वतःचे अंगठे आखडत होते.

"बोटं टेकत नाहीत, चाचा," ती खालून ओरडली. "टाच पण वर सरकत नाही."

कल्लप्पा विहिरीत डोकावला. "जा तू हिमालयात," तो पोरीला म्हणाला. "पर ह्याच्या म्होरं दुकलं तर मला सांगायचं. लपवायचं न्हाय." मग नबीसाबांकडे न बघता बोलला, "च्या घेऊन जावा. आज मला तुमच्याशी बोलाय जमायचं न्हाय. येतो मी दुकानात."

नबीसाबांनी चहा घेतला. शेवटच्या घोटापर्यंत सगळा घेतला.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. दुकानाच्या पायरीवर सावली पडली की नबीसाब मान वर करायचे आणि दुसरंच कुणी निघायचं. नेहमीचं वाक्य म्हणायला ओठ उघडायचे आणि मिटायचे. शेजारचे विचारायचे, "चाचा, घसा बसला काय?"

एप्रिलच्या शेवटी कल्लप्पा आला. आत आला नाही, पायरीवरच थांबला. "जादाच्या नाड्या हायत का? वर तुटल्या तर पाहिजेत म्हनती."

नबीसाबांनी मजबूत जोडी काढली.

"किती?"

"कल्लप्पा, नाड्यांचे पैसे..."

"घ्या," कल्लप्पा म्हणाला. नबीसाबांनी घेतले. कल्लप्पानं नाडी हातात ताणून पाहिली. "घोट्यापतुर पुरंल न्हवं?"

'पुरेल की!' हे नबीसाबांच्या तोंडात अगदी तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

"बूट घेऊन येशील? ओवून बघू."

कल्लप्पानं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "उद्या पोरीलाच धाडतो," तो म्हणाला, आणि उन्हात निघून गेला.