अर्ध्यावरचा झेंडा

यंदाच्या पंधरा ऑगस्टला जपानमधल्या फुनाबोरीतल्या आमच्या मराठी मंडळींचे प्रमुख पाहुणे होते माझे सासरे. बाबा निवृत्त फौजी. थोरले दीर, आमचे दादा, तेही फौजेतच होते, सीमेवर लढताना गेले. त्यामुळे आमचा तिरंगा बाबांनीच फडकवायचा, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. पुढे पुढे करायची मला हौसच आहे.

आम्ही भाड्याने घेतलेल्या हॉलच्या अंगणात दोन खांब होते. एक आमच्यासाठी रिकामा, दुसऱ्यावर जपानचा झेंडा. तो अर्ध्यावरच लोंबकळत होता. दोन देशांचे झेंडे एका उंचीवर हवेत, हा नियम मला तोंडपाठ. त्यात फोटो काढायचे होते. दोरी सैल झाली असेल म्हणून मीच ती ओढली आणि झेंडा टोकाला नेऊन भिडवला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

हॉलचे व्यवस्थापक धावत आले. कमरेत वाकून, माझीच माफी मागत त्यांनी सांगितलं, की आज इथे दुसऱ्या महायुद्धात मेलेल्यांची आठवण करतात, म्हणून झेंडा खाली असतो.

इतकी वर्षं या देशात राहून मला एवढंही ठाऊक नव्हतं. तोंड कुठे लपवू असं झालं.

"काय म्हणतायत ते?" बाबांनी विचारलं.

दोरीचं काहीतरी, असं सांगून मोकळी होणार होते. पण बाबांकडे बघून खोटं बोलवेना. सांगितलं.

बाबांनी मान वर करून झेंड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपल्या दादाच्या वेळी मी कचेरीत गेलो होतो. म्हटलं, तालुक्यापुरता तरी एक दिवस झेंडा खाली घ्या. साहेब म्हणाले, सैनिकासाठी तसा नियम नाही."

हे मला आज कळत होतं. त्या वेळी आम्ही इथेच होतो. नवऱ्याचा प्रोजेक्ट लाइव्ह जायचा होता म्हणून आम्ही तेराव्यालाही गेलो नव्हतो. बाबा त्याबद्दल कधी एका शब्दाने बोलले नाहीत, आजही बोलले नाहीत. लाजेने मला रडू फुटलं.

"रडू नको," ते म्हणाले. "अर्ध्यावर आणायचा झेंडा आधी टोकापर्यंत न्यावाच लागतो. तू वर नेलास, ते बरोबरच झालं. आण ती दोरी."

व्यवस्थापकांकडे बघून त्यांनी मान लववली. मग झेंडा सावकाश अर्ध्यावर आणला, दोरी बांधली आणि दादांच्या बापाने सॅल्यूट केला.