सोमवारची लाल ओळ

आमच्या ऑफिसात आता एकच पासवर्ड टाकला की मेल, रजा, हजेरी, सगळी दारं एकदम उघडतात. या सिस्टिमची सुरक्षा माझ्याकडे, त्यामुळे कोण कधी आत आलं, ते माझ्या स्क्रीनवर दिसत राहतं. त्यात दर सोमवारी दहा वाजता खरेदी विभागातल्या सुमनताईंचं नाव येतं. त्या पाच महिने आजारपणाच्या रजेवर आहेत. आत येतात, काहीच उघडत नाहीत, मिनिटभरात बाहेर पडतात.

मला शंका आली, म्हणून फोन केला. "ताई, तुमच्या नावाने दुसरं कुणी शिरत नाही ना?"

"मीच रे ती. केमोने बोटं बधिर झालीत, दोनदा तरी पासवर्ड चुकतो. पण आत गेलं की 'नमस्कार, सुमन' असं येतं ना, तेवढं वाचते."

परक्याला अडवायचं, एवढंच माझं काम, असं मी समजत होतो. आपलं दार आपल्यासाठी अजून उघडतंय का, हे बघायलाही कुणी येत असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

या सोमवारी सव्वादहा झाले तरी नाव आलं नाही. चहा तसाच राहिला. मग लाल ओळ उमटली: सुमन, पासवर्ड चुकीचा. लगेच दुसरी, तशीच.

लाल ओळ बघून इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं.