दहाव्याचा वक्ता

रोडपालीच्या काशीरामला माईकची भीती वाटायची तेच बरं होतं, असं त्याच्या बायकोला, चंद्रावतीला, आता वाटत होतं. त्याच्या थोरल्या भावाच्या दहाव्याला तलावावर श्रद्धांजलीसाठी माईक हातात आला, तेव्हा याचे पाय लटपटले होते. "चहा घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका," एवढंच बोलून तो खाली बसला. दुःखानं कंठ दाटला असं समजून लोकांनी डोळे पुसले, आणि तिथंच याला भाषणाची चटक लागली.

आता गावात कुणीही गेलं की याचा पांढरा सदरा इस्त्रीला जायचा. आज तर कहरच झाला. कावळा पिंडाला शिवून उडूनही गेला, बायका उन्हात ताटकळल्या, तरी हा गेलेल्या म्हातारीच्या भाकरीचं कौतुक करतच होता. जन्मात कधी खाल्ली नव्हती ती भाकरी!

घरी आल्यावर मात्र तो नेहमीसारखा मुकाट्यानं जेवायला बसला. चंद्रावतीनं ताटात भाकरी आपटली.

"अवो, मी मेल्यावर माझ्या भाकरीवर अर्धा तास बोलाल. तवा ऐकायला मी नसणार. आज बोला की! मी हाय समोर."

काशीरामनं घसा खाकरला. अंगातला पांढरा सदरा सारखा केला.

"चंद्रे," तो कसाबसा म्हणाला, "चहा घेशील?"